भाजी नको म्हणणाऱ्या मुलांच्या पोटात भाजी कशी घालावी

आमचा थोरला पाच वर्षांचा असताना जेवायला बसला की आधी पोळी उजेडाकडे धरून बघायचा. हिरवा ठिपका दिसला की पोळी परत. ही सवय त्याला माझ्यामुळे लागली. त्याआधी महिनाभर मी पराठ्यात पालक घालत होते आणि त्याने विचारलं की "पुदिना आहे रे" म्हणून सांगत होते. एक दिवस देठाचा धागा त्याच्या दाताखाली आला. त्याने तो बोटांनी ओढून काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिला. पुढचा महिनाभर त्याने पोळीला हात लावला नाही. भात, दूध आणि केळं, एवढ्यावर दिवस काढले.

त्या महिन्याने मला जे शिकवलं त्यावरच हा सगळा लेख उभा आहे. भाजी लपवायला काहीच हरकत नाही. पण मुलाने विचारलं तर खरं सांगायचं. आणि लपवलेल्या भाजीबरोबर दिसणारी भाजीही रोज पानात असू द्यायची, अगदी एक फोड का होईना.

लपवून काही उपयोग होतो का, असं बऱ्याच जणी विचारतात. होतो. 2011 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 3 ते 5 वर्षांच्या मुलांच्या नेहमीच्या जेवणात भाज्यांचा लगदा मिसळून पाहिला. मुलांनी दिवसभरात जवळपास दुप्पट भाजी खाल्ली, आणि बाजूला वाढलेली साधी भाजी खाण्याचं प्रमाण त्यामुळे घटलं नाही. म्हणजे लपवलेली भाजी दिसणाऱ्या भाजीच्या आड येत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येतात.

पण नुसत्या लगद्यावर भागत नाही, हेही आधीच सांगते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की 2 ते 5 वर्षांच्या मुलाने दिवसाला किमान 250 ग्रॅम आणि 6 ते 9 वर्षांच्या मुलाने 350 ग्रॅम भाज्या-फळं मिळून खावीत. बटाटा यात धरत नाहीत. पोळीतून आणि वरणातून फार तर 80-100 ग्रॅम जातील. उरलेलं फळांनी आणि डोळ्यांना दिसणाऱ्या भाजीनेच भरायचं आहे.

आधी चार दिवस नुसतं बघा

"भाजी आवडत नाही" हे आपलं वाक्य असतं. मुलाचं म्हणणं बहुतेक वेळा त्याहून नेमकं असतं, फक्त त्याला ते सांगता येत नाही. चार दिवस काहीही न बदलता मुलाने पानात काय बाजूला काढलं ते लिहून ठेवा. आमच्या थोरल्याला चव चालायची, धागा चालायचा नाही. मेथी, पालकाचे देठ, गवार, शेवग्याची शेंग, सगळं याच कारणाने नको. धाकटीचं उलट. तिला वास खटकतो. कोबी शिजायला लागला की ती स्वयंपाकघरातून बाहेर जाते, पण तोच कोबी कच्चा, लिंबू पिळून, कोशिंबिरीत दिला की खाते. काही मुलांना लिबलिबीत लागलेलं सोसत नाही, मग भेंडी आणि गिलकी कायमची बाद होतात. काहींना कडवट चव आपल्यापेक्षा खरोखरच जास्त लागते. तो हट्ट नसतो, त्यांची जीभच तशी असते.

साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात नवीन पदार्थाला नको म्हणणं अगदी स्वाभाविक असतं. सासूबाई मला म्हणायच्या, "अगं, तुझा नवरासुद्धा सातव्या वर्षापर्यंत दूधभातावरच होता." तेव्हा त्यांचा राग यायचा. आता वाटतं, त्या धीर देत होत्या.

कारण कळलं की उपाय सोपा होतो. धागा नको असेल तर लगदा, वास नको असेल तर भाजून घेणं, लिबलिबीत नको असेल तर कुरकुरीत. कडू नको असेल तर सुरुवात पालेभाज्यांनी करूच नका. डांगर, गाजर आणि दुधीने करा.

बाजारातून काय आणायचं

मी बुधवारी आमच्या नाशिकच्या गोदाघाटावरच्या आठवडे बाजारात जाते. पहिले तीन आठवडे माझ्या पिशवीत ठरलेल्या चारच भाज्या असायच्या: डांगर, दुधी, गाजर, टोमॅटो. डांगर म्हणजे पुण्या-मुंबईकडचा लाल भोपळा. लपवायला त्याच्यासारखी भाजी नाही. गोडसर चव, पिवळा रंग, धागा नाही, आणि शिजला की लोण्यासारखा घोटला जातो. मावशींना फाक कापून द्यायला सांगायची आणि गर गडद केशरी आहे का ते बघायचं. फिकट गराचं डांगर पाणचट निघतं.

दुधी आणल्यावर चिरायच्या आधी कच्ची चकती जिभेला लावून बघा. कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्या. कडू दुधीतलं विषारी द्रव्य शिजवल्याने जात नाही, त्याने उलट्या-जुलाब होतात, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याचंही घडलं आहे. मसाल्यात दडलेला कडवटपणा मुलाला कळणार नाही, म्हणून आपणच चाखायचं. काकडी, दोडकं आणि गिलकं यांचंही तसंच करा.

थंडीत नाशिककरांचं काम सोपं होतं. मटार, गाजर, मेथी, पालक, फ्लॉवर सगळं ताजं आणि स्वस्त मिळतं. पावसाळ्यात पालेभाजी चिखलाची आणि महाग असते, तेव्हा वेलाच्या भाज्यांवर भर द्यायचा. पावसाळा सरत आला की गिरणारे आणि पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट लागतात. तेव्हा तीन-चार किलो टोमॅटो घेऊन शिजवून, गाळून फ्रीझरमध्ये टाकून ठेवते. उन्हाळ्यात काही नसेल तेव्हा अख्खं, न कापलेलं डांगर कोरड्या जागी दोन-दोन महिने टिकतं.

लगदा

आठवड्यातून एकदा, मी रविवारी करते. अर्धा किलो डांगर साल आणि बिया काढून मोठ्या फोडी करायच्या. कुकरमध्ये तळाला पाणी, पण फोडींच्या डब्यात पाणी अजिबात घालायचं नाही. दोन शिट्ट्या पुरतात. गार झाल्यावर मिक्सरमधून काढला की दोन वाट्या दाट लगदा होतो. गाजराला तीन शिट्ट्या लागतात, आणि आधी लहान तुकडे केले नाहीत तर मधला भाग कणीदार राहतो. धाग्यावर डोळा ठेवणाऱ्या मुलाला तो लगेच कळतो.

पालकाची फक्त पानं घ्या. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, झाकण न ठेवता, आणि लगेच गार पाण्यात. असं केलं की रंग शेवाळी होत नाही. वाटून झालं की गाळणीवर चमच्याने दाबून गाळा. हे पाच मिनिटांचं काम मी पहिल्या वेळी आळसाने टाळलं होतं, त्याची गोष्ट वर आलीच.

लगदा बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा. माझ्या ट्रेच्या एका कप्प्यात दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण 30 ग्रॅम मावतो. गोठले की तुकडे पिशवीत काढून वर भाजीचं नाव आणि तारीख लिहा. फ्रीझरमध्ये महिनाभर उत्तम राहतात, खालच्या कप्प्यात मात्र दोन दिवसांच्या पुढे नको.

रंगात रंग

लपवायचा सगळा मंत्र रंगात आहे. पिवळ्यात पिवळं, लालात लाल, पांढऱ्यात पांढरं. आणि हिरवं तपकिरीत.

पिवळ्यात वरण पहिलं. एक वाटी तुरीच्या डाळीबरोबर डांगराचा एक तुकडा घाला, रवीने घोटा, हळद-हिंग-मीठ आणि वर तूप. तूप चुकवू नका. डांगर आणि गाजरातलं जे द्रव्य शरीरात गेल्यावर अ जीवनसत्त्व होतं, ते अंगी लागायला थोडी चरबी लागते. वरणात चार दिवस एक तुकडा, मग दोन, मग तीन. तीनच्या पुढे वरण गोड लागायला लागतं, तिथे थांबा.

पोळीचं प्रमाण नीट लक्षात ठेवा, कारण इथेच फसतं. दोन वाट्या कणकेला पाऊण वाटी डांगराचा किंवा गाजराचा लगदा घ्या. पाणी आधी एक थेंबही घालायचं नाही. लगद्यातच भिजवायला घ्या, लागलंच तर शेवटी ओला हात लावा. ही कणीक ठेवली की सैल होत जाते, म्हणून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त मुरवू नका. पोळ्या सोनेरी आणि मऊ होतात, सकाळी सातला भरलेल्या डब्यात दुपारीही वातड होत नाहीत. पहिल्या आठवड्यात लगदा पाव वाटीच घ्या.

पांढऱ्यात दुधी. इडलीच्या पिठात किंवा भगरीच्या भातात बारीक किसणीने किसून, पिळून घातलेला दुधी कुणाला दिसत नाही. पिळून निघालेलं पाणी फेकू नका, कणकेत जाऊ द्या. फ्लॉवर किसला तर उपम्यात रव्यासारखाच दिसतो, पण त्याला शिजताना वास सुटतो. वासाच्या मुलाला तो देऊ नका. फ्लॉवर किसण्याआधी कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, अळी असली तर वर येते.

लालात टोमॅटोबरोबर बीट आणि गाजर. पावभाजीत हे दोन्ही बेमालूम जातात. पण बीट थोडंच, त्याला मातीसारखा वास असतो. आणि घरातल्यांना आधी सांगून ठेवा की बीट खाल्ल्यावर काही मुलांची लघवी किंवा शी लालसर होते. आमच्याकडे आजोबा रात्री दहाला डॉक्टरांना फोन लावायला निघाले होते.

हिरव्यासाठी नागली, म्हणजे नाचणी, आणि बाजरी. हा आपल्या भागाचा मोठा फायदा आहे. पेठ-सुरगाण्याकडची नागली इथे कुठेही मिळते, आणि तिच्या तपकिरी पिठात पालकाचा हिरवा रंग बुडून जातो. एक वाटी नागलीचं पीठ, अर्धी वाटी तांदळाचं, अर्धी वाटी पालकाचा लगदा, जिरं, मीठ आणि ताक घालून पातळ भिजवा आणि जाळीदार धिरडी घाला. नागलीत कॅल्शियमही भरपूर, त्यामुळे दूध न पिणाऱ्या मुलांना हे दुहेरी कामाचं आहे. थंडीत बाजरीच्या भाकरीत मेथी. पानंच घ्या, बारीक चिरा, मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा आणि पिळा. निम्मा कडवटपणा त्या पाण्याबरोबर जातो. पिठात तीळ आणि सुपारीएवढा गूळ घाला.

मिसळीचा कट

हा माझा सगळ्यात आवडता प्रकार, म्हणून जरा सविस्तर सांगते. नाशिकमध्ये रविवारी सकाळी मिसळ नाही असं घर क्वचित, आणि मुलांना फरसाण आणि पाव दिसला की ती पुढचं काही तपासत नाहीत. कटाच्या, म्हणजे मिसळीच्या रश्श्याच्या वाटणात एरवी कांदा आणि सुकं खोबरं असतं. त्यातलं निम्मं खोबरं काढून त्या जागी दुधी आणि गाजर घालायचं.

चार जणांसाठी दोन मोठे कांदे उभे चिरा. दीडशे ग्रॅम दुधीच्या आणि एका गाजराच्या पातळ चकत्या करा. लोखंडी तव्यावर दोन चमचे तेलात आधी कांदा गुलाबी करा, मग दुधी-गाजर टाका आणि घाई न करता भाजा. पहिली सात-आठ मिनिटं दुधी पाणी सोडतो, तेव्हा स्वयंपाकघरात कच्चट वास येतो. अनेक जणी इथेच गॅस बंद करतात. थांबा. पाणी आटलं की चकत्या कडेने तपकिरी व्हायला लागतात, तव्याला किंचित चिकटतात आणि वास पालटतो, भाजलेल्या कांद्याचाच एक वास उरतो. तो आला की पाव वाटी भाजलेलं खोबरं, आठ लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा आणि एक टोमॅटो घालून दोन मिनिटं परता आणि गार करून गुळगुळीत वाटा. मुलाला वास खटकतो तो या कच्चट पाण्याचा. लगदा कुठल्याही पदार्थात थेट ओतण्याआधी फोडणीत तीन-चार मिनिटं परतून घेण्याचं कारणही तेच.

पुढे नेहमीसारखं. फोडणी, वाटण तेल सुटेपर्यंत परतणं, घरचा काळा मसाला, मोड आलेल्या मटकीचं शिजवलेलं पाणी. मोठ्यांना तर्री हवी असेल तर ती वेगळ्या कढल्यात करा आणि वरून घाला, मुलांचा कट बेताचा तिखट राहू द्या. वर कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. मटकीतलं लोह अंगी लागायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं. याच कारणाने मिसळीबरोबर मुलांना चहा देऊ नका, चहाने उलटं होतं.

विचारलं तर

एके दिवशी विचारतीलच. धाकटीने चौथ्या रविवारी विचारलं, "आई, ह्याच्यात काय काय घातलंस तू?" मी सांगितलं, मटकी, कांदा, खोबरं, दुधी, गाजर. ती चमचा हातात धरून थोडा वेळ थांबली. "दुधी?" "हो, भाजलेला. तू मागचे तीन रविवार खाल्लास." तिने वाटी संपवली. प्रत्येक मूल संपवेल असं नाही. ठेवून दिली तर ठेवू दे, दुसरं काही मुद्दाम करून देऊ नका आणि रागावूही नका. पुढच्या रविवारी तीच मिसळ करा.

दोन गोष्टींत भाजी कधीच लपवायची नाही: दुधात, आणि मुलाच्या सगळ्यात लाडक्या पदार्थात. आजारपणात आणि परीक्षेच्या दिवसांत त्याच पदार्थांवर भिस्त असते. त्यावरचा विश्वास उडाला तर हातात काही उरत नाही. शाळेच्या डब्यातही प्रयोग नको. डब्यात फक्त घरी निदान तीनदा आवडीने खाल्लेलं द्या. मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं असतात आणि उपाशी मूल वर्गात परत जातं.

दिसणारी फोड

लपवणं सुरू केलं त्याच दिवसापासून पानात डावीकडे, कोशिंबिरीच्या जागी, एक दिसणारी भाजी वाढायची. प्रमाण: मुलाच्या अंगठ्याएवढी एक फोड. "खा" म्हणायचं नाही, खाल्ली तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, "भाजी संपवलीस तर आइस्क्रीम" हे तर नाहीच. असं म्हटलं की मूल समजतं, भाजी ही शिक्षा आणि आइस्क्रीम हे बक्षीस. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी हे काम फार चांगलं वाटून दिलं आहे: काय, कधी आणि कुठे वाढायचं ते आईवडिलांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते मुलाने. मला ते पचायला वेळ लागला. आपल्याकडे पान स्वच्छ करून उठायचा संस्कार आहे. मी मध्यम मार्ग काढला: वाढायचंच एवढं थोडं की टाकलं तरी जीव हळहळू नये.

एखादी भाजी मुलाने स्वीकारायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळीच "त्याला नाही आवडत" म्हणून सोडतो. मी फ्रीजवरच्या कॅलेंडरवर टिंब मारत गेले. थोरल्याने गाजराला अकराव्या टिंबाला हात लावला.

लगद्यावरून फोडीवर यायचं तर मध्ये पायऱ्या ठेवा. वरणातलं डांगर तीन आठवडे पूर्ण घोटलेलं. मग रवी दोनदाच फिरवायची, म्हणजे गर अर्धवट राहतो. मग किसलेलं. मग मऊ शिजलेली लहान फोड. एका पायरीवर निदान दोन आठवडे थांबा, आणि मूल मागे हटलं तर तुम्हीही एक पायरी खाली या. चार वर्षांखालच्या मुलांना कच्चं गाजर तुकड्याने देऊ नका, घशात अडकतं. किसून किंवा शिजवून द्या.

मुलांच्या हातात काम दिलं तर या पायऱ्या लवकर चढतात. मटार सोलायला बसलेलं मूल पाच-दहा दाणे तोंडात टाकतंच. मेथी निवडायला द्या, तुम्ही दुधीची कच्ची चकती चाखून कडू आहे का ते बघता तेव्हा तुमच्या चेहऱ्याकडे बघू द्या, धिरड्यावर किसलेलं गाजर स्वतः भुरभुरू द्या.

आणि एवढं सगळं करूनही वजन वाढत नसेल किंवा घटत असेल, मूल मोजक्या दहा-बारा पदार्थांपलीकडे काहीच घेत नसेल, ठरावीक स्पर्शाने प्रत्येक वेळी ओकारी येत असेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा ओठ-नखं पांढुरकी दिसत असतील, तर लगद्याच्या नादी न लागता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हिमोग्लोबिन तपासायला सांगा. त्यात उशीर करू नका.

आता थोरला नऊ वर्षांचा आहे. पालकाची भाजी खातो, देठ मात्र अजून काढून ठेवतो आणि मी ते काढू देते. धाकटीपुढे दर पंधरा दिवसांनी कारल्याची एक कुरकुरीत चकती ठेवते. ती वास घेते, कधी टोक चावते, बहुतेक वेळा बाबांच्या ताटात टाकते. कॅलेंडरवर सातवं टिंब पडलं आहे.